स्वादुपिंड : दिसते कसे, चालते कसे

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘आरोग्यविषयक माहिती’ एवढेच छापले आहे. विषय आमच्यावरच सोपवला होता. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे यांवर दरवर्षी कोणी ना कोणी डॉक्टर बोलतातच. म्हणून आम्ही असा अवयव घेतला, की तो पोटात नेमका कुठे आहे हे विचारले तर निम्मी सभा बोट चुकीच्या जागी ठेवील. तो अवयव म्हणजे स्वादुपिंड. त्याची एमआरआय यंत्रावर तपासणी कशी होते, तीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे आज सांगायचे आहे.

आधी एक खुलासा. आम्ही डॉक्टर नव्हे. रेडिओग्राफीचा डिप्लोमा करून शासकीय नोकरीत लागलेली आम्ही माणसे. रुग्णाला टेबलावर झोपवायचे, श्वास रोखायला सांगायचा, चित्रे काढायची, हे आमचे काम. चित्राचा अर्थ रेडिओलॉजिस्ट लावतात आणि औषध फिजिशियन किंवा सर्जन लिहितात. तेव्हा यंत्राच्या खोलीतून जेवढे दिसते तेवढेच आम्ही बोलू.

ग्वाल्हेरात आपल्या पाच-पाच, सात-सात पिढ्या झाल्या. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि रिपोर्ट इंग्रजीत, अशी आपली तऱ्हा आहे. त्यामुळे या एका अवयवाची तीन नावे आपल्या कानावर येतात. मराठीत स्वादुपिंड, हिंदीत अग्न्याशय आणि रिपोर्टवर पॅन्क्रियाज. त्यात आणखी गंमत अशी, की हिंदीत आमाशय म्हणजे आपले जठर. डॉक्टरांनी ‘आमाशय’ म्हटले की आपल्या आजीला आमांश आठवतो, आणि ‘अग्न्याशय में सूजन’ म्हटले की घरचे समजतात पोटात आग पडते आहे, म्हणजे अॅसिडिटीच असणार. मग अॅसिडिटीच्या गोळ्या सुरू. शब्दांचा हा घोळ वाटतो तेवढा किरकोळ नाही. अग्न्याशय म्हणजे स्वादुपिंड, एवढे जरी आज लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

आता जागा. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, आडवे पसरलेले, वीतभराहून थोडे कमी लांब आणि वजनाने शंभर ग्रॅमच्या आसपास. उजवीकडे डोके, मध्ये धड आणि डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली शेपटी. डोक्याभोवती लहान आतड्याचा पहिला भाग वळसा घालून जातो. त्याच जागी यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची स्वतःची नलिका, दोघी बहुतेकांच्या शरीरात एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. हे एकच तोंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कामे दोन. पहिले पाचकरस तयार करण्याचे. दिवसाला दीड लिटरच्या आसपास रस इथून आतड्यात जातो. पुरणपोळीवरचे तूप, वरणातले प्रथिन, भातातला स्टार्च, सगळ्याचा निकाल मुख्यतः हाच रस लावतो. दुसरे काम इन्सुलिनचे. ते करणारी पेशींची लहान लहान बेटे पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिली, म्हणून आजही त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. मधुमेहामुळे दुसरे काम घरोघरी माहीत झाले. पहिल्या कामाची चौकशी कोणी करत नाही.

कारण हा अवयव तक्रारच करत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की जीर्ण आजारात स्वादुपिंडाची चरबी पचवणारा रस करण्याची ताकद एक-दशांशाच्या खाली जाईपर्यंत शौचातून तूप-तेल पडू लागत नाही. म्हणजे शंभरातले नव्वद गेले तरी वरून माणूस ठीक असू शकतो. सरकारी खात्यात शंभर पदांपैकी नव्वद रिक्त आणि तरी कामकाज सुरळीत, असा अहवाल जावा तसे. (आमच्या खात्याचे कोणी साहेब सभेत असतील तर हे उदाहरण सोडून द्यावे.) बाकीचे दहा जण गळाले की मग एकदम सगळे उघडे पडते.

योगायोग असा, की त्याच १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून चित्र कसे काढता येईल याचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचेच पुढे एमआरआय झाले आणि २००३ मध्ये लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले.

लोक विचारतात, सोनोग्राफी झाली की, मग एमआरआय कशाला? सोनोग्राफी स्वस्त आहे, लगेच होते आणि पहिली तपासणी तीच असावी. पण स्वादुपिंड जठर-आतड्यांच्या मागे दडलेले असते, आणि त्यांत हवा असली की ध्वनिलहरी तिथेच अडतात. रिपोर्टवर मग एक वाक्य येते, की गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. हे वाक्य घरचे ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ असे वाचतात. ‘दिसले नाही’ आणि ‘ठीक आहे’ यांत फरक आहे, आणि तो रिपोर्टमधल्या एका ओळीत बसलेला असतो. ती ओळ शोधून वाचावी. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड चांगले दिसते, त्यातले कॅल्शियमचे खडे तर एमआरआयपेक्षाही चांगले दिसतात. पण सीटीत क्ष-किरण असतात, आणि नलिकेच्या आतले बारकावे एमआरआयइतके उलगडत नाहीत.

एमआरआय यंत्र म्हणजे मोठे चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. आपल्या शरीरात भरपूर पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे आणि त्याचा प्रत्येक कण भोवऱ्यासारखा फिरणारा बारीक चुंबक आहे. यंत्रात हे भोवरे चुंबकाच्या दिशेने सरळ होतात. आम्ही रेडिओलहरींचा धक्का देऊन त्यांना कलते करतो आणि ते परत जागेवर येताना जो संकेत देतात तो टिपतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही.

आता आरती डोळ्यांसमोर आणा. टाळ्या चालू आहेत आणि घंटाही वाजते आहे. आरती थांबली की टाळ्यांचा आवाज त्या क्षणी विरतो, घंटेचा नाद मात्र थोडा वेळ घुमत राहतो. मांसपेशींचा संकेत टाळ्यांसारखा आणि साठलेल्या पाण्याचा घंटेसारखा. म्हणून आम्ही धक्का दिल्यावर मुद्दाम थोडे थांबून ऐकतो. तोवर मांस, चरबी सगळे गप्प झालेले असते आणि नलिकांतला रस तेवढा उजळ दिसतो. वाहते रक्त निसटून जाते, म्हणून तेही काळे. पडद्यावर काळ्या रात्री झाडाच्या पांढऱ्या फांद्या दिसाव्यात तशा पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिका उभ्या राहतात. या पद्धतीला एमआरसीपी म्हणतात. जर्मनीतील डॉक्टरांनी १९९१ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. इंजेक्शन नाही, नळी नाही. स्वतःच्याच रसाने स्वतःचे चित्र.

याआधी नलिका पाहायची तर तोंडातून दुर्बीण घालून त्या सामाईक तोंडातून औषध आत सोडावे लागे. ती ईआरसीपी. तिच्यानंतर शंभरातल्या साधारण पाच जणांना स्वादुपिंडाला सूज येते. नुसते पाहण्यासाठी एवढी जोखीम घ्यायची वेळ आता सहसा येत नाही. खडा काढायचा असेल, नळी टाकायची असेल, तेव्हा ईआरसीपी अजूनही लागतेच.

एमआरसीपीच्या आधी चार ते सहा तास उपाशी यावे लागते, आणि काही ठिकाणी रुग्णाला पेलाभर अननसाचा रस पाजतात. हसू नका, हे शास्त्र आहे. जठर आणि आतड्यातले पाणीही घंटेसारखे वाजते आणि नलिकांच्या आड येते. अननसात मँगनीज भरपूर असते. ते त्या पाण्याचा नाद दाबून टाकते आणि आतडे चित्रात काळे पडते. अर्थात मधुमेह असेल तर आधी सांगावे, आणि घरून आपल्या मनाने अननस खाऊन येऊ नये.

आता ग्वाल्हेरची गोष्ट. उत्तर भारतात, गंगा-यमुनेच्या या पट्ट्यात, पित्ताशयातले खडे दक्षिणेपेक्षा फार जास्त आढळतात. इथे त्याला ‘पित्त की थैली में पथरी’ म्हणतात. आपण मुळचे सातारचे असू, कोकणातले असू, पिढ्यान्पिढ्या राहतो या पट्ट्यात. बायकांत, चाळिशीनंतर, हे प्रमाण अधिक. पुष्कळांचे खडे जन्मभर गप्प बसतात. पण एखादा बारीक खडा घसरला आणि त्या सामाईक तोंडाशी अडकला, की पित्तही तुंबते आणि स्वादुपिंडाचा रसही. जो रस आतड्यात जाऊन जागा व्हायचा तो आतच जागा होतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. वरच्या पोटात भयंकर कळ येते, पाठीपर्यंत जाते, ओकाऱ्या होतात, माणूस पुढे वाकून बसतो. ही कळ घरी थांबून पाहण्याची नाही. रात्र असो की गणपती विसर्जन, इस्पितळ गाठायचे. यात मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडे वाईट, कारण मोठा खडा नलिकेत शिरतच नाही. ‘डॉक्टर, खडे अगदी छोटे आहेत हो’ असे समाधानाने सांगणारे आम्हाला नेहमी भेटतात.

आमच्याकडे एमआरसीपीसाठी येणाऱ्यांत सर्वांत मोठी रांग याच खड्यांची. पित्तनलिकेतला खडा पांढऱ्या रसात काळ्या टिकलीसारखा दिसतो. बहुतेक खडे सापडतात, अगदी तीन-चार मिलिमीटरचे मात्र हुकू शकतात. अशा वेळी डॉक्टर दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी सांगतात. ती सांगितली म्हणून आमचे चित्र फुकट गेले असे समजू नये.

सूज एकदा येऊन गेली ती वेगळी, आणि वर्षानुवर्षे चालणारा जीर्ण आजार वेगळा. दारू हे त्याचे मोठे कारण जगभर आहे. पण आपल्या देशात दारूला कधी न शिवलेल्या तरुणांतही तो दिसतो, आणि तिथे घरच्यांना फार सोसावे लागते. मुलगा चोरून पितो अशी शंका नातेवाईक घेतात. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात असे अनेक रुग्ण नोंदवले. मुले हडकुळी, पोटदुखी लहानपणापासून, पुढे मधुमेह आणि स्वादुपिंडात खडेच खडे. तिकडे गरीब लोक टॅपिओका फार खात, म्हणून संशय त्या कंदावर गेला. टॅपिओका म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. पुढे कळले, की टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही हा आजार आहे. मग २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांना यातल्या बऱ्याच रुग्णांत ‘स्पिंक-१’ या जनुकातला बदल सापडला. रसाला वेळेआधी जागे होण्यापासून आवरणारे प्रथिन या जनुकावरून बनते. तेव्हा संकष्टीची खिचडी या आरोपातून सुटली आहे. मधुमेहवाल्यांसाठी ती सुटलेली नाही, पण तो वेगळा खटला.

आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी याच आजारात एक महत्त्वाचा प्रश्न विचारला. स्वादुपिंडाची दोन कामे एकत्र मोजली तर काय दिसते? रक्तातल्या ट्रिप्सिनवरून पाचकरसाची बाजू आणि सी-पेप्टाइडवरून इन्सुलिनची बाजू, असा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अवयवाचे रूप एकीकडे आणि काम दुसरीकडे, दोन्ही तपासायला हवे, हा विचार त्यात आहे. आम्हाला हाच विचार आज आपल्यापुढे ठेवायचा आहे, कारण आमच्या टेबलावरून उठलेला रुग्ण एकच प्रश्न विचारतो, ‘सगळे ठीक दिसले ना?’ दिसणे ठीक असते आणि चालणे ठीक नसते, असे होऊ शकते.

तिघरा धरणाचे पाणी आपल्या नळाला येते. कोरड्या दिवशी नळ उघडून पाहिला तर पाइप फुटला आहे का, गंजला आहे का, एवढे कळेल. पाणी किती जोराने येते हे व्हॉल्व्ह सोडल्यावरच कळेल. साधी एमआरसीपी ही कोरड्या दिवशीची तपासणी. निरोगी माणसाची मुख्य नलिका तीन मिलिमीटरहून बारीक, सरळ, कडा नितळ. जीर्ण आजारात ती कुठे फुगलेली, कुठे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी होते, बाजूच्या फांद्या दिसू लागतात. शिवाय दुसऱ्या प्रकारच्या चित्रात निरोगी स्वादुपिंड प्रथिनांनी भरलेले असल्यामुळे पोटातल्या इतर अवयवांपेक्षा उजळ दिसते. आत तंतू भरले की ती चमक उतरते. आजार पुढे गेल्यावर हे सगळे दिसते. सुरुवातीला चित्र साफही येऊ शकते.

व्हॉल्व्ह सोडण्याचे काम सीक्रेटिन नावाचे संप्रेरक करते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये ते शोधले. आतड्याच्या तुकड्याच्या नसा तोडून टाकल्या तरी तिथे आम्ल लागले की स्वादुपिंडाला निरोप पोचतो, म्हणजे निरोप रक्तातून जातो, हे त्यांनी दाखवले. माणसाला सापडलेले हे पहिले संप्रेरक. १९९७ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी ते एमआरआयशी जोडले. आधी साधी चित्रे काढायची, मग सीक्रेटिन शिरेतून मिनिटभरात हळूहळू द्यायचे, आणि पुढची दहा मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला त्याच जागेचे चित्र घ्यायचे. निरोगी स्वादुपिंडाची नलिका तीन ते पाच मिनिटांत किंचित फुगते, दहाव्या मिनिटापर्यंत पूर्ववत होते आणि आतड्याचा वळसा पांढऱ्या रसाने भरत जातो. रस वळशाच्या सुरुवातीलाच थांबला, मध्यापर्यंत गेला की पार पुढे गेला, यावरून कामाची प्रत ठरवतात. तंतू भरलेले स्वादुपिंड ताठर असते. त्याची नलिका फुगत नाही आणि आतडे कोरडेच राहते.

यालाही मर्यादा आहे. सीक्रेटिनमुळे सुटते ते मुख्यतः पाणी आणि खार. त्यात पाचक द्रव्ये किती आहेत हे चित्र सांगत नाही. नळाला जोर किती आहे ते कळले, पाण्यात क्लोरीन किती आहे ते नाही. आणि दुसरी अडचण आपल्याकडची : सीक्रेटिन भारतात सहज मिळत नाही आणि महाग पडते. जपानी संशोधकांनी औषधाशिवाय एक युक्ती काढली आहे. नलिकेवर चुंबकीय लहरींनी काळी पट्टी ओढायची आणि त्या पट्टीत ताजा पांढरा रस किती वेळा, किती लांब शिरतो हे पाहायचे. युक्ती छान आहे, पण रोजच्या गर्दीत ती अजून सगळीकडे पोचलेली नाही.

मग आपल्यासारख्यांनी करायचे काय? ‘चालते कसे’ हा प्रश्न डॉक्टरांना वेगळा विचारायचा. त्यासाठी साधी तपासणी आहे, शौचातल्या इलास्टेजची. एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आले तर काम कमी आहे असा संशय धरतात. मात्र जुलाब पातळ असतील तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून नमुना घट्ट हवा. सणाच्या मांडवात हा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे, दोनदा पाणी टाकूनही न जाणारे, आणि सोबत वजन उतरत असेल, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. लोक पोटदुखी सांगतात, हे सांगत नाहीत. पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले ते दोन वर्षे गॅसची औषधे खाऊन. पाच इस्पितळांच्या फायली होत्या. चौदा किलो वजन उतरले होते आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनीही लाजेने काढला नव्हता. त्यांची नलिका चित्रात जेमतेम बिघडलेली होती. इलास्टेज मात्र तळाला गेलेले. पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. या कॅप्सूल घासाबरोबर, जेवता जेवता घ्यायच्या असतात. उपाशीपोटी घेतल्या तर पैसे वाया. ते गृहस्थ पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाला सोबत म्हणून आले तेव्हा आम्ही त्यांना ओळखले नाही, एवढे भरले होते.

इन्सुलिनच्या बाजूकडेही एमआरआय आता पाहू लागला आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे डॉ. रॉय टेलर यांनी नुकताच मधुमेह झालेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवले आणि एमआरआयने स्वादुपिंडातली चरबी मोजली. ती सुमारे ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आली, आणि त्याबरोबर इन्सुलिनचा प्रतिसादही परतला. हा अभ्यास २०११ चा. पुढच्या मोठ्या प्रयोगात, २०१७ मध्ये, वजन घटवणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर औषधाविना आटोक्यात होती. हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधुमेह फार जुना नसलेल्यांत. ‘आम्ही तर बारीक आहोत’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा याज्ञिकांचेच उदाहरण. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. सदरा दोघांना एकाच मापाचा बसला असता.

कर्करोगाचे नाव न घेता हे भाषण पुरे होणार नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच अवयवाच्या कर्करोगाने गेले. तेव्हापासून मराठी घरांत स्वादुपिंड म्हटले की त्यांचाच चेहरा समोर येतो आणि माणसे घाबरून गप्प होतात. भीतीपेक्षा लक्षणे ठाऊक असलेली बरी. पोट न दुखता झालेली कावीळ, कारण नसताना उतरणारे वजन, पन्नाशीनंतर घराण्यात नसताना अचानक आलेला किंवा आटोक्यातून एकाएकी सुटलेला मधुमेह. कावीळ झाली की आपल्याकडे झाडून घ्यायला, माळ घालायला नेतात. माळ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी सोनोग्राफीही करा. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही एकदम फुगलेल्या दिसल्या, की त्या सामाईक तोंडाजवळ काहीतरी दाबते आहे, हे चित्र मोठ्याने ओरडून सांगते. अशा वेळी सीटी, शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय, गरजेप्रमाणे दोन्ही करतात.

आणि याच्या उलट, काही होत नसताना ‘एकदा पूर्ण बॉडी एमआरआय करून टाकू, मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो आहे’ म्हणणारेही असतात. आमचे मत विचाराल तर नको. उतारवयात पुष्कळांच्या स्वादुपिंडात बारीक पाण्याच्या गाठी सापडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एकदा रिपोर्टवर आल्या की दरवर्षी तपासण्या आणि घरात कायमचा घोर. त्या पैशांत घरातल्या सगळ्यांची साखर वर्षभर तपासून होईल.

शेवटी आमच्या खोलीचे नियम. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातले यंत्र, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तो, हे सगळे दाराबाहेरच सांगायचे. हृदयातली स्टेंट आणि बदललेला गुडघा बहुधा चालतो, पण त्याचे कार्ड दाखवायचे. नथ, जोडवी, केसांतले आकडे, सेफ्टी पिन, जरीची साडी, यांतले काही आत नको. जरीत धातूची तार असते, ती तापू शकते. मंगळसूत्र उतरवताना बायकांचा जीव खालीवर होतो हे आम्ही रोज पाहतो. म्हणून आम्ही ते ट्रेमध्ये ठेवायला सांगत नाही, यजमानांच्या हातात द्यायला सांगतो. काचेच्या बांगड्या असू द्या. आत आवाज मोठा असतो, विसर्जनाच्या ढोलांजवळ उभे राहावे तसा. कानाला झाकण देतो. ‘साँस रोकिए’ म्हटले की पंधरा-वीस सेकंद श्वास धरायचा, आणि कुणाला हिंदीत गोंधळ होत असेल तर सांगा, आम्ही ‘श्वास धरा’ म्हणू. अर्ध्या-पाऊण तासात काम होते. येताना जुन्या फिल्म, सोनोग्राफी, सीटी, सगळे घेऊन या, कारण दोन वर्षांपूर्वी नलिका केवढी होती हे कळले तर आजच्या मापाला अर्थ येतो.

आरतीला अजून वीस मिनिटे आहेत. कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा.